आज वारा होता

३ मार्च, संध्याकाळ
मालकांनी स्टुडिओत कॅमेऱ्याचा नवा ड्रोन आणला. विचारलं, कोणाला उडवता येतो? मी हात वर केला. आयुष्यात कधी उडवलेला नाही. पण अकरा वर्षं पासपोर्ट फोटो काढतोय, डोळे मिटू नका सांगून जीभ झिजली. रविवारी शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचं शूटिंग. जमलं तर ड्रोनवाला मी. नाहीतर दुसरं कोणीतरी, आणि मी त्या फोटोच्या स्टुलासमोरच म्हातारा होणार.

४ मार्च, सकाळी ६:३०
मैदान रिकामं. पंखे फिरले. बंद केले. वारा होता.
निश्चय: उद्या दोन मीटर.

सकाळी ८:००
बायकोचं म्हणणं, खिडकीतून बघितलं, झाडाचं पानही हलत नव्हतं. ही खालची पानं बघते. वारा वर असतो.

५ मार्च
भीती घालवायचे उपाय मोबाइलवर वाचले. दीर्घ श्वास, मोकळी जागा, कमी उंची, सोबत कोणीतरी. श्वास उत्तम जमला. तो घेऊन होईपर्यंत ड्रोनची बॅटरी उतरली.
उद्यापासून हिला सोबत नेणार. तिने नुसतं उभं राहायचं.

६ मार्च, सकाळी ७:००
उडवला! एक मीटर! मग तो माझ्याकडे तोंड करून वळला. आता डावीकडे दाबलं की माझ्या उजवीकडे जातो. हे मालकांनी सांगायला नको? रिमोट हिच्या हातात दिला आणि बाकामागे गेलो, चष्मा पुसायला. हिने अलगद उतरवला. नवशिक्याचं नशीब.

दुपारी
खरं लिहायचं तर फार भीती वाटते. पडला तर मोडेल, मोडला तर मालक मला मोडतील. घरी काय तोंड दाखवू?
(हे पान फाडायचं.)

७ मार्च
नवी पद्धत. मी सूचना देतो, ती उडवते. शिकवता शिकवता आपणही शिकतो. वळणं तिला बरी जमतात. बोललो नाही, उगाच डोक्यात हवा जायची. मालकांचा फोन आला, तयारी कशी आहे? म्हटलं, डाव्या हातचा मळ.

८ मार्च
हवामानाचा अंदाज तीनदा बघितला. उद्या वारा नाही. या लोकांवर माझा कधीच विश्वास नव्हता.
ही म्हणाली, अहो, मालकांना खरं सांगून टाका, ओरडतील, खाणार नाहीत. म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतं?
निश्चय: उद्या रिमोट माझ्याच हातात.

९ मार्च, दुपारी १:००
जमलं! बारा मिनिटं! मालक गेटवर पाहुण्यांत, आम्ही मैदानाच्या टोकाला. छप्पर, खिडक्या, मुलांच्या रांगा, सगळं टिपलं. ही शेजारी होती, धीर द्यायला. रिमोटला तिचाही हात लागला असेल. मालकांनी पाठ थोपटली. भीती कशाशी खातात ते मला माहीत नाही.

१० मार्च
मालकांनी सगळ्यांना बोलावून शूटिंग मोठ्या पडद्यावर लावलं. इमारत झकास. पण ड्रोन परत येताना कॅमेरा आमच्याकडे तोंड करून होता, हे मला दिसलंच नव्हतं. दिसणार कसं? पडद्यावर ही ताठ उभी, रिमोट तिच्या दोन्ही हातांत. मागे मी, तिच्या पर्सचा पट्टा धरून, डोळे गच्च मिटलेले. चाळीस सेकंद. चित्र अगदी स्वच्छ.
कोणी हसलंही नाही. मी म्हटलं, वारा होता.
मालकांनी हिचा नंबर मागून घेतला.

१२ मार्च
पुन्हा स्टूल. पहिलं गिऱ्हाईक ही. स्टुडिओच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता, ड्रोनवाली म्हणून. सवयीने म्हणालो, हनुवटी वर, डोळे मिटू नका. ती म्हणाली, मी नाही मिटत, तुम्ही तेवढे उघडे ठेवा.
फोटो हलला. खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता. वारा नव्हता.