न मोजलेला दाब

गुरुवार, ११ एप्रिल

चिरंजीव ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. वयाने मोठी आहे, द्यावेच लागतात.

परवा, मंगळवारी ९ एप्रिलला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्या जेवणाच्या टेबलाशी उभा राहून तू तुझ्या आईचा घात केलास. तिने साधं विचारलं, "ताईचा डावा डोळा असा कसा रे गेला?" तू चष्मा पुसत म्हणालास, "आई, ग्राफ्टचं असंच असतं. तुझ्या पेशी तिच्या डोळ्यांना परकं समजतात."

शब्द न् शब्द खरा, आणि उत्तर धादांत खोटं.

तीन वर्षांपूर्वी माझं रक्त बिघडलं तेव्हा छोटीने, म्हणजे तुझ्या आईने, मला आपली अस्थिमज्जा दिली, तेच तुझं ग्राफ्ट. मी जगले. पुढे तिच्याच पेशी माझ्यावर उलटल्या, डोळ्यांतलं पाणी आटलं, हेही खरं. तू स्टिरॉइडचे थेंब दिलेस. आग शमली. त्याचे आभार मी तेव्हाच मानलेत, पुन्हा मिळणार नाहीत.

पण ते थेंब चालू असताना डोळ्यातला दाब वरचेवर मोजावा लागतो, तो चढला तर गुपचूप आतली नस मारतो आणि मेलेली नस परत येत नाही, हे मला काल कळलं. तू ज्या काचबिंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलंस, त्यांच्याकडून. त्यांनी विचारलं, "याआधी दाब कधी मोजला होता?" मी ऐटीत म्हटलं, "भाचा बघतो ना माझा." बाईंनी विचारलं, "तारीख?" मग माझ्या लक्षात आलं, आठ महिने तू एकदाही मोजला नव्हतास. मोजलास तो थेट मंगळवारी सकाळी, मी दाराच्या चौकटीला धडकल्यावर. तेव्हा तुझा चेहरा उतरलेला मी उजव्या डोळ्याने नीट पाहिला. म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी तुला सगळं ठाऊक होतं.

"मावशी, आज राहू दे, तुझे डोळे आधीच सोललेत, हात लावला की दुखेल." दर वेळी तुझं हेच. बाईंनी दाब मोजायला पेनासारखं एक यंत्र डोळ्याला धरलं, मी "आई गं" म्हणायला तोंड उघडलं तोवर काम झालं होतं. मी जन्मभर बॉयलर तपासले रे. काटा अडकला तर दुसरा बसवतात. काट्याला वाईट वाटेल म्हणून दाब बघायचा सोडत नाहीत. का माझ्या ओरडण्याला घाबरलास? मी दूधवाल्यावर रोज ओरडते, तो दूध टाकतोच.

असो. मी तक्रार कुठेही करणार नाही. डोळा माझा होता, त्याचा हिशोब मी बघेन.

पण छोटी त्या दिवसापासून माझ्या घरात पाऊल ठेवत नाही. काल मी तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "ताई, मला बरं वाटावं म्हणून लेकाला दोषी ठरवू नकोस." मी सत्तर वर्षांत कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलल्याचं ऐकलंयस का? पण तिचा विश्वास बसेना. तुझ्यावर बसतो. डॉक्टर आहेस ना.

सोमवारी सकाळी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याचाही दाब थेंबांनी उतरत नाही. बाई हुशार आहेत, पण खात्री देत नाहीत. छोटी म्हणते, "मी येणार नाही, माझं काहीच तुला लाभत नाही."

ढब्बू, पट्टी बांधायच्या आधी मला तिचं तोंड बघायचंय. एवढंच आहे. वरची सगळी फणफण त्याच्यासाठी.

आमच्या कॉन्व्हेंटात चूक झाली की उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायची, मग मदर म्हणायच्या, "आता बस." त्यानंतर तो विषय वर्गात कुणी काढायचा नाही. मीही काढणार नाही.

तेव्हा तुझ्या आईला लिहून दे: दाब मी मोजला नाही, डोळा त्याने गेला, तुझ्या पेशींनी नाही. खाली सही. फोनवर तू गोड बोलशील आणि ती तुलाच जेवू घालेल, म्हणून लेखी. रविवारी, १४ तारखेला, दुपारी बारापर्यंत तिच्या हातात पडलं पाहिजे, आणि प्रत माझ्याकडे. अक्षर मोठं काढ. मला स्वतः वाचायचंय.

वाट बघणारी, अजून बघू शकणारी,
तुझी मावशी