काठोकाठ चहा

बिश्केक, ११ फेब्रुवारी

जामाल एजे, तुझ्या धाकट्या बहिणीचा तुला सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची पाठ? मेंढ्या व्यायला लागल्या का, आणि गवत पुरतंय ना वसंतापर्यंत? यंदा तिकडे बर्फ फार आहे असं ऐकलं. बेक्तूर कसा आहे हे सगळ्यात शेवटी विचारते, कारण ते आधी विचारलं तर पुढचं काही लिहून व्हायचं नाही.

तुझा निरोप मिळाला. टॅक्सीवाल्या शाकिरने तो भर अड्ड्यावर, चार माणसांसमोर, अगदी तुझ्याच आवाजात सांगितला: "बुरुलला म्हणावं, शहरात जाऊन एक हिवाळा झाला नाही तर घरी आलेल्या माणसांना हाकलायला शिकलीस. माझं नाक कापलंस." एका म्हाताऱ्याने विचारलंसुद्धा, कोणाला हाकललंस बाई? मी तोंडावरची शाल न काढता म्हटलं, माझ्या नशिबाला. हसले सगळे.

फोन केला असता, पण तू फोन स्पीकरवर लावतेस आणि बेक्तूर लगेच तुझ्या मांडीत येऊन बसतो. हे त्याच्या कानावर पडायला नको. शाकिर परत गावाकडे निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. एकटी असताना वाच.

ऊलकान एजेंनी तुला जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नाही. भाऊजींची मावसबहीण म्हणून त्यांनी मला शिवणाच्या कारखान्यात लावलं, मालक स्तालबेकला शब्द दिला, "डोंगरातली पोरगी आहे, घोड्यासारखी राबेल." आणि घोडं तिसऱ्याच आठवड्यात खाली बसलं. त्यांना राग आला तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

पण तुला त्या कारखान्याची रीत माहीत नाही. पहिला महिना उमेदवारीचा. तो बिनखाड्याचा गेला की मागच्या अंगणातली खोली मिळते, आणि खोली मिळाली की मार्चात नवरोजच्या सणाला तू बेक्तूरला घेऊन येणार होतीस. माझा सगळा आटापिटा एवढ्यासाठी. त्याचा बाप रशियात गेला तो गेलाच, निदान आई तरी जवळ असावी पोराच्या.

काम ओळीने चालतं. पेरिझात गळे लावते, मी बाह्या, झूरा खालचा काठ दुमडते, आणि ऊलकान एजे आमच्या मुकादम. मी नसले की माझ्या मशीनपाशी बिनबाह्यांच्या झग्यांचा ढीग पडतो आणि पुढच्या बाया हातावर हात धरून बसतात. मजुरी नगावर. म्हणजे माझा खाडा आणि सगळ्यांच्या पोटावर पाय. जुनी बाई घरी राहिली तर म्हणतात, बिचारी दमली असेल. नवी राहिली की म्हणतात, बघा, दाखवायला लागली रंग.

म्हणून मी आजार निवडून सांगायचे. आधी पोट सांगितलं. पोट सगळ्यांचंच बिघडतं, त्यात कोणी खोलात शिरत नाही. मग दाढ सांगितली, तर दुसऱ्या दिवशी पेरिझात माझी हनुवटी धरून म्हणते, "आ कर, बघू कुठली ती. दाढेच्या नावाखाली कोणी भेटतंय की काय तुला?" मी म्हटलं, भेटतंय ना, रांगेत उभे आहेत. खोकल्याचं नाव मात्र काढलं नाही. खोकला आला की मशीन जोरात मारायचे. कोणी विचारलंच तर कोळशाचा धूर. हिवाळ्यात इथे अख्खं शहर खोकतं, एजे, माझा खोकला त्यात खपून गेला. त्या पोटाच्या आणि दाढेच्या दिवशी मी दवाखान्यात होते. असो.

तिसऱ्या वेळी मात्र अंथरुणातून उठवेना. ऊलकान एजेंना कळवलं, ताप आहे. बस, एवढंच. मला वाटलं शिव्या देतील आणि विसरतील. आपल्यात आजाऱ्याच्या समाचाराला गेल्याशिवाय कोणाला अन्न गोड लागत नाही, हे मी विसरलेच. शहराने अक्कल खाल्ली, दुसरं काय.

रविवारी दुपारी तिघी दारात उभ्या. ऊलकान एजेंच्या हातात मटणाच्या रश्श्याची बरणी, पेरिझातच्या रुमालात तळलेले गरम बोरसोक, आणि झूराच्या कडेवर तिची तान्ही लेक. माझी खोली म्हणजे खुराडं, थंडीसाठी खिडकीच्या फटी कागद चिकटवून बंद केलेल्या. हवा हलत नाही.

"मेलीस की काय ते बघायला आलो," पेरिझात म्हणाली. "मेली असलीस तर कात्री माझी."

"गप गं," ऊलकान एजे म्हणाल्या आणि माझ्या अगदी शेजारी येऊन बसल्या. "स्तालबेक तुझ्या जागी दुसरी बसवायला निघाला होता. मी म्हटलं, खबरदार. काम सुटल्यावर आम्ही तिघी आळीपाळीने बाह्या लावतोय तुझ्या. ढीग पडू दिलेला नाही. तू फक्त बरी हो. खोली जात नाही कुठे."

मला असं भरून आलं की काय सांगू. सख्ख्या नात्याच्या नव्हेत त्या. दिवसभर वाकून शिवायचं आणि वर माझ्यासाठी पुन्हा मशीनवर बसायचं. मी त्यांना पोट सांगितलं होतं, दाढ सांगितली होती.

तेवढ्यात झूराने लेक माझ्यापुढे धरली. "घे हिला. मांडीवर लेकरू घेतलं की ताप पळतो."

मी मागे सरकले. पोरगी माझ्या बटणांकडे हात करून झेपावत होती. मी आणखी सरकले, पाठ भिंतीला लागली.

"अगं चावत नाही ती," झूरा हसून म्हणाली, "दात कुठे आलेत तिला."

आदल्या दिवशी कशीबशी दवाखान्यात गेले तेव्हा मला जे सांगितलं होतं ते ओठांवर आलं, एजे. सांगायला तोंड उघडलंही. मग खोली आठवली, नवरोज आठवला, तुझ्यामागून टॅक्सीतून उतरणारा बेक्तूर दिसला, आणि तोंड मिटलं. पण त्यांना तिथे बसूही देववेना. त्या कोंदट खोलीत ते लेकरू माझा श्वास घेत होतं.

मग मी चहा ओतला. प्याले मांडले आणि तिन्ही काठोकाठ भरले, अगदी ओठ लावल्याशिवाय उचलता येऊ नयेत इतके.

ऊलकान एजेंनी प्याल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हात थरथरतोय वाटतं तुझा, तापाने," त्या म्हणाल्या. बघ, मला वाट करून देत होत्या. मी हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "नाही. बरोबर ओतलाय."

"दोन घोट ओतशील, मग पुन्हा ओतशील, आम्ही बसू, असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "भरून दिलास म्हणजे उठा म्हणतेस. उठतो." चहाला कोणी हात लावला नाही. पेरिझात दारात वळून म्हणाली, "आमच्याकडून बाह्या लावून घेताना बरं गोड वाटत होतं." झूरा माझ्याकडे पाठ करून पोरीची टोपी बांधत राहिली. त्याचं मला जास्त लागलं. बोरसोक तिथेच सोडून गेल्या, अन्न परत नेत नाहीत म्हणून.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाह्या कोणी लावल्या नाहीत. का लावाव्यात? स्तालबेकने संध्याकाळच्या आत माझ्या मशीनवर दुसरी मुलगी बसवली. त्याचा सुंठेवाचून खोकला गेला. अंगणातली खोलीही तिलाच मिळेल.

आता लिहितेच. मला क्षय झालाय. साध्या औषधांना दाद न देणारा. डॉक्टरीण पोरगेलीशी आहे, तिने मला बरं वाटेल असं काही सांगितलं नाही. मी विचारलं, वसंतापर्यंत उठेन ना? ती म्हणाली, वर्ष-दीड वर्ष तरी दवाखाना, आणि डाव्या फुप्फुसात फारसं काही उरलेलं नाही, उशिरा आलात. मी म्हटलं, बरी होईन? ती म्हणाली, प्रयत्न करू. एजे, आपला बाप शेवटाला लागला तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाला होता. गुरुवारी मला शहराबाहेरच्या दवाखान्यात नेतील.

त्या बायांना मी लेकरासाठी उठवलं असं मी स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. नुसतं लेकरासाठी असतं तर खरं सांगितलं असतं. मी गप्प बसले ते नोकरीसाठी, आणि नोकरी गेलीच. तेल गेलं, तूपही गेलं. त्या तिघी आठवडेच्या आठवडे माझ्या खोकल्याशेजारी बसल्या आहेत आणि त्यांना अजून माहीत नाही. ऊलकान एजे माझा फोन उचलत नाहीत. त्या तुझा उचलतील. आजच कर. सगळ्यांनी छातीचा फोटो काढून घ्या म्हणावं, आणि झूराने लेकीला आधी दाखवावं. माफी मागू नकोस माझ्यातर्फे. त्यांनी शिव्या दिल्या तर ऐकून घे.

आणि जे लिहायला इतकी पानं फिरत बसले ते आता.

जानेवारीत नववर्षाला मी गावी आले होते. बेक्तूर रोज माझ्याच रजईत झोपायचा. एका प्याल्यातून प्यायचो. मी भात फुंकून त्याला भरवायचे. तेव्हा मला वाटायचं, नुसती सर्दी आहे. डॉक्टरीण म्हणाली, घरात लहान मूल असेल तर त्याला लगेच तपासा. मी तिला म्हटलं, मूल नाही मला. का म्हटलं ते विचारू नकोस. एजे, त्याला उद्याच नारीनच्या दवाखान्यात ने. रस्ता बंद असेल तर भाऊजींनी घोड्यावरून न्यावं. तूही छाती तपासून घे. काही निघालं नाही तर मला कळव. निघालं तर कळवू नकोस, नुसतं औषध सुरू कर.

नवरोजला त्याला आणू नकोस. पुढच्या नवरोजलाही नको. शाळेत त्याचं नाव तिथेच घाल आणि आईच्या नावापुढे तुझं लिही. गावात कोणी बोलणार नाही, आपल्यात बहिणीचं पोर वाढवणं नवं नाही. तो झोपेत तुला आई म्हणतो असं तू हसत सांगितलं होतंस आणि मी तुझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. आता जागेपणीही म्हणू दे. मी फोन केला तर त्याला सांग, शहरातल्या मावशीचा फोन आहे. पहिल्यांदा तो चुकेल. तू चूक सुधार.

त्याला थंडीत कान झाकून बाहेर पाठव.

तुझी धाकटी बहीण आणि बेक्तूरची मावशी,
बुरुल