आभार मानायला उठलो तेव्हा

प्रिय माहेनूर,

तू राजीनामा दिल्याचं तुमच्या पेपरच्या अकोल्याच्या ऑफिसातल्या विपुलकडून कळलं. फोन उचलत नाहीस, म्हणून या वयात पत्र लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस. अमरावतीत राजापेठेत माझ्याकडे बातमी लिहायला शिकायला यायचीस, तेव्हाही ते असंच होतं.

अंजनगावकडून पहिल्या एसटीने यायचीस. पहिल्याच दिवशी विचारलंस, "सर, नेत्याले राग आला तं?" मी ऐटीत म्हणालो, "राग आला म्हंजे प्रश्न बराबर लागला." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

परवा अकोल्याच्या पत्रकार परिषदेत माझ्यासमोरच तू तसाच प्रश्न विचारलास. खारपाणपट्ट्यातल्या गोड्या पाण्याच्या योजनेचं मंत्रीसाहेबांनी तिसऱ्यांदा भूमिपूजन केलं होतं. "साहेब, नारळ तीन फुटले, नळ एकबी नाही. पाणी कधी?" चिवड्याच्या पुड्या वाजायच्या थांबल्या. साहेबांनी तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि मी उठून आभार मानले. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे, सगळ्यांत जुन्या पत्रकाराने आभार मानले की परिषद संपली. सगळे चहाकडे वळले, तू एकटीच वही उघडी धरून उभी. आम्ही वीस जण होतो, तुझा प्रश्न कुणीच पुन्हा विचारला नाही. तुझ्या अम्मीच्या, खुर्शीदबींच्या हातचा, तुमच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा खारट चहा मी प्यायलोय गं. तो प्रश्न किती खरा होता, ते मला माहीत होतं.

घरी ताट वाढताना सत्यवतीने विचारलं, "तुमी उठले काहून?" सवय, म्हणालो. "तीस वर्षं लोकायले प्रश्न इचारता, आन् एक उत्तर धड देता येत नाई तुमाले?"

ती सवय नव्हती, माहेनूर. साहेबांच्या पीएचा सकाळीच फोन आला होता, "किशोरभाऊ, ते पोरगी काही बोलली तं आभार मानून टाका." मी बरं म्हणालो. पाकीट नाही, जाहिरात नाही, नुसत्या ओळखीखातर. त्याचीच लाज जास्त वाटते. सोमवारी साहेब अमरावतीत पत्रकार परिषदेला येताहेत. तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत विचारीन, आणि आभार मानायला उठणार नाही. पण तू राजीनामा मागे घे आणि ये. दुसऱ्या रांगेत बस. मी कच खाल्ली, तर सगळ्यांदेखत मलाच विचार, मागच्या वेळी कुणाच्या सांगण्यावरून उठलात?

तुझाच,
किशोर सर