वालावलकर नावाचं कुणी नाही

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार. मत्रा, मस्कत

पोहोचले. सॅक अकरा किलो. बासष्टाव्या वर्षी पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरू नये, हे मला कळतं. तरी आले.

हॉस्टेल समुद्रासमोर. खोलीत सहा पलंग, एकावर एक. खालचा मला मिळाला, यशश्रीने भांडून मिळवला. कुडाळच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकली, आता पुण्यात नोकरी करते. तिची मैत्रीण अफशीन मुंबईची इराणी. अखंड हसते. मला 'आंटी' म्हणाली. म्हटलं, बाई म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस. तेव्हापासून 'बाईजी' चालू!

काउंटरवरच्या केरळी माणसाने पासपोर्ट उघडला. "वेलकम, मॅडम शांताराम!" ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यापुरतं एकदा घेतलं, नंतर कधी नाही. हे जाऊनही सोळा वर्षं झाली. आणि हा परका माणूस मला त्यांच्या नावाने हाक मारतो! आडनाव वालावलकर आहे, बजावलं. त्याने जीभ वळवून पाहिली, हरला. पासपोर्टवाल्यांनी नावाची खिचडी केलीय, दुसरं काय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलींना वाटतं बाई फिरायला आल्यात. वाटू दे. इथे लिहिते, म्हणजे निदान एका ठिकाणी खरं राहील.

स्वरूपला शोधायला आलेय. त्याला या देशात येऊन नऊ वर्षं झाली. त्याचा आवाज ऐकून चार. रुसैलच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा फोन आला— "आई, दुक्म बंदरात काम आहे म्हणतात. पण मला वाटतं परत यावं." ह्यांनी तीन नोकऱ्या सोडल्या होत्या. तिन्ही वेळा असंच 'मला वाटतं' म्हणून. मी म्हटलं, "शोभतोस खरा बापाचा मुलगा!" तो "बरं" म्हणाला. एवढंच. मग नंबर बंद.

पत्रं परत आली. दूतावासाला लिहिलं, उत्तरात एक फॉर्म आला. व्हिसा दहा दिवसांचा. चौदाला परतीचं विमान.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. सगळ्या कचेऱ्या बंद. मुलींबरोबर फिरले.

गाव जिवंत आहे, नाकारत नाही. बंदरात मोठं पर्यटकांचं जहाज लागलं होतं. गोरे म्हातारे अर्ध्या चड्ड्यांत, ओमानी पुरुष पांढऱ्याशुभ्र झग्यांत, बाजाराच्या तोंडाशी ऊद-धूपाचा धूर आणि जिथे तिथे मांजरी. मासळीबाजारात सुरमई पाहून अफशीन ओरडली, "बाईजी, एवढी!" दुकानदार हिंदीतून घासाघीस करतात. यशश्री त्यांच्याशी मराठीतून करते आणि जिंकते!

मी हसत होते म्हणे. यशश्री म्हणाली, "बाई, तुम्हाला हसताना पहिल्यांदाच बघतेय." मी प्रत्येक भारतीय चेहरा बघत होते. पस्तिशीतला, उंच, डावी भुवई तुटलेली. चाळीसेक पाहिले. एकही नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजही सुट्टी. दिवस वाया.

९ फेब्रुवारी, रविवार

"चर्चगेटसारखी खरेदी करत बसू नका," असं मुलींना सांगून एकटीच बसने रुसैलला गेले. गोदामं, पत्रे, ट्रक. माणूस रस्त्यावर दिसत नाही. एका फाटकापाशी जेवणाच्या सुट्टीत कामगार बाहेर आले. त्यांत देवगडचा रविकांत भेटला, वेल्डर, पंधरा वर्षं ओमानात. मराठी ऐकून धावत आला. फोटो पाहिला.

"नाय ओ बाई. ह्यो माझ्या बघण्यात नाय. मी ह्या बाजूक दोन वर्सांपूर्वी इलंय. तो कारखानो बंद झालो तेवा अर्धी माणसा घराक गेली, अर्धी दुक्माक."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. "इलंय!" त्याने ओरडून ओ दिली. हे असेच ओ द्यायचे. स्वरूपच्या तोंडी मी तो शब्द राहू दिला नाही. 'इलंय नाही, आलो म्हण.' शंभरदा म्हणवून घेतलं. मुलाची भाषा नीट झाली. पुढे?

रविकांतने दुक्मच्या तीन कामगार-कॅम्पांचे नंबर दिले. म्हणाला, "गावतलो, इन्शाल्ला." सापडेल म्हणे. कोकणातला माणूस इन्शाल्ला म्हणतो!

१० फेब्रुवारी, सोमवार

तिन्ही ठिकाणी फोन केले. पहिले दोन— नाही. तिसऱ्या ठिकाणचा कारकून बोलका. "स्वरूप? इस नाम का कोई नहीं." आडनाव सांगितलं, अक्षर अक्षर फोडून. "वाल... क्या? ऐसा तो कोई नाम ही नहीं सुना." म्हटलं, यादी बघा. "मॅडम, लिस्ट मेरे दिमाग़ में है. अस्सी आदमी, सबको नाम से बुलाता हूँ. नहीं है. खलास."

खलास. सगळ्यांना येणारा एकच शब्द.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुलींनी किल्ल्यावर नेलं. पायऱ्या उंच. वरून सगळं बंदर दिसतं. अफशीनने फोटो काढायला उभी केली, वाऱ्याने पदर उडाला, दोघी हसून लोळल्या. मी खाली पाहत होते. एवढा मोठा देश. यात एक माणूस नसणं किती सोपं आहे!

यशश्रीने विचारलं, "बाई, कुणाला शोधताय का?" म्हटलं, स्वतःचं काम कर. ती 'हो बाई' म्हणाली. वर्गात म्हणायची तशी.

जिवंत असता तर चार वर्षांत एकदा तरी फोन केला असता. हे आज पहिल्यांदा लिहिलं. लिहिल्यावर वेगळं काही वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी बाजारात मुली एका दुकानात अडकल्या. मला धुराने गुदमरायला झालं, न सांगता परत आले. फोन सॅकमध्ये, सॅक खोलीत. काउंटरपुढच्या खुर्चीत बसून चहा घेत होते. काउंटरचा फोन वाजला.

"नो, सॉरी. वाला... व्हॉट? नो, नो. नो सच गेस्ट हिअर."

फोन ठेवून मला म्हणाला, "कोई खो गया है, मॅडम शांताराम. लड़कियाँ रो रही थीं."

मी म्हटलं, अरेरे.

दहा मिनिटांत दोघी धापा टाकत आत. अफशीन गळ्यातच पडली. "बाईजी! हा म्हणतो तुम्ही इथे नाहीच!" यशश्री त्या माणसावर उखडली— "वालावलकरबाई आठ दिवस राहतायत तुमच्याकडे!" तो बिचारा गोंधळला. "ये तो मॅडम शांताराम हैं..."

मी त्याच्यासमोर चहा पीत होते, आणि तो सांगत होता— असं कुणी नाही.

कप खाली ठेवला. वर जाऊन पासपोर्ट काढला. 'गिव्हन नेम'च्या रकान्यात आडनाव आणि माझं नाव. आडनावाच्या रकान्यात, शांताराम. पासपोर्टवाल्यांची खिचडी नव्हे. फॉर्म मी भरला होता. पस्तीस वर्षं हजेरीपट लिहिलेला हात: आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. जागा संपली, उरलेलं पुढच्या रकान्यात. दुसऱ्यांच्या अर्जांवर लाल रेघा मारणारी मी!

आणि स्वरूपचाही मीच भरला होता. त्याच टेबलावर, त्याच दुपारी.

यशश्रीला सगळं सांगितलं. तिने लगेच तिन्ही नंबर लावून पाहिले. दुक्मची ऑफिसं आज बंद झालीत. उद्या सकाळी. आशा धरत नाही. एक चूक सापडली म्हणजे माणूस सापडला, असं नसतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला कॅम्प— नाही. दुसरा— नाही. तिसरीकडे तोच बोलका कारकून. विचारलं, शांताराम आहे का? माझ्या तोंडून ते नाव उखाण्यानंतर पहिल्यांदाच निघालं. "शांताराम? क्रेन वाला? पहले बोलना था ना मॅडम!" मग फोन बाजूला धरून जोरात हाक. लांबून ओ आली—

"इलंय!"

मी दुरुस्त केलं नाही.

पावलं. फोन उचलल्याचा आवाज. "हॅलो, शांताराम बोल रहा हूँ. कौन?"

म्हटलं, "मीही शांतारामच."