पाऊण इंचाची कसर

मी, कोनराड एबर्सबाख, वय वर्षे शहात्तर, धंदा वास्तुरचनाकार, मूळचा वुर्टेमबर्गमधल्या एस्लिंगेन गावचा, गेली चोपन्न वर्षे वॉशिंग्टन शहराचा रहिवासी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती नसती तर या शहराने मला अजून एखादे काम दिले असते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायलाही माझ्या घरी कोणी फिरकत नाही. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे थंड डोक्याने लिहितो आहे, तेव्हा संबंधितांनी जास्त जपून वाचावे.

कलम १. माझा देह आमच्या जर्मन कब्रस्तानात, पत्नी विल्हेल्मिनेच्या शेजारी पुरावा. वर नीट भाजलेल्या लाल विटांचा साधा चौथरा बांधावा. संगमरवराचा तुकडाही नको. आमच्या गायन मंडळाने तिथे गाऊ नये. त्यांचे खर्जातले तिघे चाळीस वर्षे सूर शोधताहेत, तो माझ्याच कबरीवर सापडेल असे नाही. मंडळाला माझा पियानो देतो. तो बेसूर झाला आहे, पण ते त्यांना कळायचे नाही.

कलम २. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी ओटिली हिला, फक्त तिच्या एकटीच्या नावावर. 'एकटीच्या' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या आहेत. तिचा नवरा लॉरेन्स व्हिटकम त्या नव्या समितीत नकाशे काढतो, जिला हे सगळे शहर पांढरे करायचे आहे. समितीतले सद्गृहस्थ थोडे दिवस रोम बघून आले आणि तेव्हापासून त्यांना तबेल्यालाही खांब हवेत. मी या शहरात आलो तेव्हा रस्त्यातून डुकरे हिंडत होती आणि सरकारी दप्तरे गळक्या माळ्यांवर कुजत होती. मी अकरा शाळा बांधल्या, चार आगीच्या बंबांची ठाणी, एक दप्तरखाना आणि नदीकाठची मंडई. शाळांत पोरांच्या वहीवर डावीकडून उजेड पडतो. दप्तरखान्यात कागद कोरडे राहतात. आता म्हणतात, लाल वीट डोळ्यांना टोचते. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय.

ईस्टरच्या जेवणाला जावयाने टेबलावरची आंबवलेल्या कोबीची थाळी बाजूला सारली आणि नकाशा पसरला.

"पप्पा, वाईट वाटून घेऊ नका. मंडईच्या जागी हिरवळ येतेय."

"आणि बायकांनी भाजी कुठून आणायची? हिरवळ कापून?"

"राजधानी आहे ही. राजधानीला भव्यता हवी."

"भव्यता उकडून खाता येत नाही, लॉरेन्स."

ओटिली म्हणाली, "दोघंही गप्प बसा, रस्सा गार होतोय." त्या घरात अक्कल तिला एकटीला आहे.

जावयाला मंडईची एक वीट देतो. मंडई पाडतील तेव्हा ती त्याने स्वतः हातोडा घेऊन भिंतीतून काढावी. किती वेळ लागतो ते बघावे. आयुष्यात एकदा तरी त्याच्या हाताला इमारत लागेल.

कलम ३. पुस्तके सार्वजनिक वाचनालयाला. समितीने छापलेला जाडजूड अहवाल मात्र देऊ नये. त्याचा कागद मऊ आहे. तो परसातल्या संडासात ठेवावा.

कलम ४. वकील राइनहोल्ट यांच्या मसुद्यात हे कलम असे होते: माझी कंपासपेटी, आखणीची सर्व हत्यारे आणि मंडईचे मूळ नकाशे सुतार सायलस टॉलिव्हर याला द्यावेत. ते मी खोडले आहे. का खोडले ते लिहितो, कारण लिहावे अशी त्याची अट आहे.

सन १८६९. मंडईच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, दोन भिंतींमधला गाळा ऐंशी फुटांचा. आमच्या मुलखात छपराची कैची, म्हणजे छपराचा भार पेलणारी लाकडी चौकट, आधी जमिनीवर पूर्ण मापात आखतात आणि त्या आखणीवर ठेवून लाकूड कापतात. लाकडाच्या वखारीत ती आखणी मी स्वतः केली. हाताशी गावाहून आणलेली पट्टी होती, तीच घेतली. वुर्टेमबर्गचा फूट इथल्या फुटापेक्षा पाऊण इंचाने लहान असतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. वीस वर्षे या देशात काढूनही हात गावचाच राहिला होता.

टॉलिव्हर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, चार वर्षांपूर्वीपर्यंत व्हर्जिनियात कोणाच्या तरी मालकीचा. तो आखणीच्या कडेने चालत गेला आणि परत आला.

"साहेब, जरा तुमची पट्टी देता?" ती त्याने आपल्या पट्टीशेजारी ठेवली. "तुमचा फूट आखूड आहे."

"फूट आखूड नसतो. तुझी नजर आखूड आहे."

"असेल. पण या मापानं लाकूड कापलं तर पाच फूट कमी पडेल. माझं नका ऐकू, भिंत मोजून बघा."

मी भिंत मोजली. कापणी दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायची होती. पुढे नऊ दिवस त्याने सगळी कैची नव्याने आखली. नुसती लांबवून भागले नसते, वजन वाढत होते. त्याने सांधे बदलले, तीन ठिकाणी लोखंडी पट्टे घातले. मला ते सुचले नसते. नव्या नकाशाच्या कोपऱ्यात त्याने पेन्सिलीने लिहिले: छप्पर आखणी, सायलस टॉलिव्हर. मी पावाचा गर घेतला, जसा आम्ही नकाशांवरची पेन्सिल खोडायला घेतो, आणि ते पुसून टाकले. शहराचे अधिकारी नकाशा बघायला येणार होते. एका काळ्या सुताराने माझी चूक काढली हे कळले असते तर पुढची शाळा मला मिळाली नसती.

छप्पर चढले की आमच्यात आढ्याला सूचिपर्णी झाड बांधतात. ज्याने छप्पर केले तो वर उभा राहून चार शब्द बोलतो, पेला रिकामा करतो आणि खाली फोडतो. मी मुकादम डीफेनबाखला वर पाठवले. त्याला शिडी चढवायला दोन माणसे लागली. टॉलिव्हर खाली झाडाचा दोर धरून उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, मग दोराकडे.

आयुष्यभर मी लोकांना तुच्छ मानले, आणि बहुतेकदा माझे बरोबरच होते. त्या यादीत स्वतःचे नाव घालायला मला चौतीस वर्षे लागली. मला लाज वाटते.

काल मी टॉलिव्हरला बोलावून वकिलांसमक्ष मसुदा वाचून दाखवला. सगळे ऐकून तो म्हणाला, "कंपासपेटी माझ्याकडं आहे, साहेब. नकाशे घेऊन काय करू? मंडईच राहणार नाही. माझ्यामागं पोरं चुलीत घालतील." मग वकिलाकडे वळून, "आणि हा कागद कुठं जातो?"

"मृत्युपत्र कोर्टाच्या दप्तरात जातं. तिथून कुणाला हलवता येत नाही."

"खाली सह्या कुणाच्या?"

"साक्षीदारांच्या. मात्र ज्याला यात काही मिळतंय त्यानं साक्षीला सही केली, तर त्याला ते मिळत नाही."

"मग मला काही देऊ नका. खोडा ते. जे झालं ते लिहा, आणि खाली सही मला करू द्या."

"एवढंच?" मी विचारले.

"तुम्ही एवढंच पुसलं होतं."

म्हणून या कलमाखाली त्याला काहीही मिळत नाही.

कलम ५. अंमलबजावणी वकील राइनहोल्ट यांनी करावी. दुसरे साक्षीदार बेकर श्पेट यांनी टॉलिव्हरच्या आधी सही करावी, गोऱ्याची सही आधी अशी रीत आहे, असे वकिलांनी सुचवले. रीत मी ऐकून घेतली आणि फेटाळली.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे. सही दोन्ही साक्षीदारांच्या समोर, शाईने केली.

वॉशिंग्टन, ता. १४ मे १९०३

(सही) कोनराड एबर्सबाख

साक्षीदार पहिले: (सही) श्री. सायलस टॉलिव्हर, वय ६२. धंदा: सुतार. नदीकाठच्या मंडईचे छप्पर मी आखले.

साक्षीदार दुसरे: (सही) लेओनहार्ट श्पेट, वय ५५. धंदा: बेकर.

टीप: पहिल्या साक्षीदारांच्या धंद्यापुढील वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. ते खरे आहे. कोणी खोडू नये. को. ए.