त्रेचाळिसाव्या पानावरचा दोर

मी, जानराव तुळशीराम हिवाळे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार चिखली, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही. दडपण मानण्याइतकी ताकदही आता उरलेली नाही. येत्या गुरुवारी अकोल्यात माझे स्वरयंत्र काढणार आहेत. परत आलो तरी बोलणार नाही, म्हणून आजच लिहितो.

१. चिखलीचे घर पत्नी चांगुणा हिचे. मी गावोगावच्या सभा गाजवत होतो तेव्हा नव्या भिंतींना पाणी तिने मारले. बँकेत जे निघेल तेही तिचेच.

२. भाषणांच्या अकरा वह्या रद्दीत द्याव्यात. चाळीस वर्षे ओरडलो. टाळ्या मिळाल्या. माणसे घरी जाऊन होती तशीच राहिली.

३. बॅटरीवरचा भोंगा मुलगा संघर्ष याला. लहानपणी त्याला मी एकही गोष्ट वाचून दाखवली नाही, भाषणेच ऐकवली. त्याने भोंगा विकला तरी हरकत नाही.

४. साहसकथेचे जुने पुस्तक संघर्षची मुलगी समता, वय सात, हिला. डोंगर, नकाशा, हिऱ्यांची गुहा, तीन शूर साहेब आणि त्यांचे ओझे वाहणारा एक हमाल. शाळेत असताना मी ते सात वेळा वाचले. हमालाकडे लक्षही गेले नाही. यंदा समताला रोज एक प्रकरण वाचून दाखवू लागलो. त्रेचाळिसाव्या पानावर हमाल दरीत पडतो, आणि पुढच्याच ओळीत साहेब चहा घेतात.

समताने विचारले, "आबा, मंग त्याले काढलं कोनं?"

"साहेबानं दोर टाकला."

"अन् नाव काय त्याचं?"

मी सांगितले, तुळशीराम. माझ्या वडिलांचे नाव. चिखलीच्या मार्केटात ते पोती वाहत.

तिथून पुढची नऊ प्रकरणे तुळशीराम माझ्या तोंडून चालला. त्याने वाट शोधली, साहेबांना वाघापासून वाचवले. पुस्तकात यातले काहीही नाही. आता हिऱ्यांच्या वाटणीचे शेवटचे प्रकरण उरले आहे. काल माझ्या घशातून शब्द फुटेना, तेव्हा समता म्हणाली, "राहू द्या आबा, मले वाचता येते आता. तुळशीरामले त्याचा वाटा भेटते का, मीच पाहून सांगीन तुमाले."

पुस्तक मी उशीखाली लपवले आहे.

५. वार्ताहर गजेंद्र वानखेडे याने एका सभेच्या बातमीत माझे वाक्य फिरवले, म्हणून मी बारा वर्षे त्याच्याशी बोललो नाही. तो राग मागे घेतो. मीही तेच केले, तेही सात वर्षांच्या पोरीशी.

६. पुस्तक देण्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. मी अकोल्याला निघालो की संघर्षने ते काढावे, समताजवळ बसून शेवटचे प्रकरण छापले आहे तसेच वाचावे. वाटणीत तुळशीराम नसेल. मग त्रेचाळिसावे पान उघडून तिला सांगावे, दोर आबांनी टाकला होता. ती मला खोटारडा म्हणाली तर म्हणू द्यावे. माझी बाजू कोणी मांडू नये. मात्र तिने त्या पानावर काही लिहायला पेन्सिल मागितली, तर द्यावी.

(सही) जानराव तुळशीराम हिवाळे
चिखली, सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. मंजुश्री खरात, शेजारी. सही माझ्यासमोर झाली.

२. गजेंद्र वानखेडे. जानरावांचा आवाज बसल्यामुळे हे मृत्युपत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. एकही शब्द फिरवला नाही.