दीड पावलाची कूच

हॅरो, रविवार, १३ जुलै

ती. रघुवीरदादांना धाकट्या शशिधरचा हॅरोहून सा. नमस्कार. वहिनींनाही.

नंदूने आणलेली आजोबांची ग्रामोफोनची तबकडी सुखरूप आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण माझं पत्र आलं की तुम्ही आधी शेवट वाचता आणि मग रक्तदाब मोजता, हे मला ठाऊक आहे. (या वेळी शेवट आधी वाचू नका. एवढी कृपा करा.) तुमच्या गुडघ्याचं काय झालं? माझा डावा नवीन बसवल्यापासून जिने चढतो आहे, फक्त विमानतळावर ओरडतो. सुलक्षणा मजेत आहे. वहिनींचं लोणचं पोचलं. तुमच्या चिरंजिवांनी बरणी तबकडीच्याच खोक्यात कोंबली होती, त्यामुळे प्रशियन पायदळाला अजून हिंगाचा वास येतो. पण तडा नाही, डाग नाही, आणि त्याबद्दल मी नंदूला माफ केलं आहे.

आता मुख्य हकिगत. गेल्या आठवड्यात तुमच्या या भावाची अब्रू जाता जाता वाचली.

माझा छंद तुम्हाला माहीत आहे, आणि तो तुम्हाला पसंत नाही हेही मला माहीत आहे. कैसरच्या काळातल्या जर्मन लष्करी बँडच्या तबकड्या मी चाळीस वर्षं जमवतो आहे. (त्यानंतरच्या नाझी मंडळींचं काहीही मी घरात येऊ देत नाही. हे शेजाऱ्यांना लेखी कळवून झालं आहे, कारण दर रविवारी सकाळी डॉक्टरांच्या घरातून बर्लिन निघायचं आणि समोरचे आजोबा पडदा सारून बघत राहायचे.) सुलक्षणाचं म्हणणं, "अहो, थर्टी-एट इयर्स एनएचएसमध्ये लोकांना झोपवलंत, आता रिटायर झाल्यावर सगळ्या स्ट्रीटला कशाला उठवताय?" भूलतज्ज्ञाच्या बायकोने हा विनोद साधारण आठवड्यातून एकदा करायचा असतो.

एडिनबराला लॉरिमर नावाचे एक निवृत्त शाळामास्तर आहेत. जुन्या तबकड्या मिळवून, साफ करून, ते त्यांच्या सीड्या काढतात. एका सीडीच्या पाचशे प्रती, त्यातल्या चारशे त्यांच्या पलंगाखाली. उत्साह दांडगा, पण चुकांचा सुकाळ. एका सीडीवर बँड प्रशियाचा आणि छायाचित्रातली शिरस्त्राणं बव्हेरियाची. दुसरीवर चौदा वादकांच्या स्टुडिओतल्या टोळीला अख्ख्या रेजिमेंटचं नाव, कारण तबकडी कंपनीने लेबलावर ती थाप मारली होती आणि लॉरिमरांनी ती विश्वासाने उतरवून घेतली. तिसरी तबकडी इतक्या वेगाने फिरवून ध्वनिमुद्रित केलेली, की त्या सैनिकांना शेवटची बस गाठायची असावी. मी पत्रं लिहिली. पहिल्या पत्रात अकरा चुका, दुसऱ्यात सतरा. चौथ्या पत्रानंतर लॉरिमरांनी शरणागती पत्करली आणि मला अचूकतेचा सल्लागार नेमलं. सीडीच्या पुस्तिकेत तसं छापून येतं, दादा. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात मी ती पुस्तिका सहज म्हणून खिशात ठेवून जातो.

तर यंदाच्या सीडीची कच्ची प्रत त्यांनी तपासायला पाठवली. नववी कूच, म्हणजे मार्चची धून, सुरू झाली आणि तिसऱ्या सुरालाच मी खुर्चीतून उठलो. आजोबांची कूच! आजोबांना, संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाल्यावर, बँडमास्तरकी गेल्याची भरपाई म्हणून राजवाड्यातला फोनो आणि एकच एक तबकडी मिळाली, ती हीच. लेबल खरवडलेलं, त्यामुळे नाव नाही, गाव नाही. आजोबांनी ती ऐकून ऐकून गावातल्या बँडला बसवली, आणि पुढची तीस वर्षं आपल्या तालुक्यात तिच्याशिवाय वरात निघाली नाही. मी चाळीस वर्षं शोधत होतो, आणि ती पलंगाखाली निघाली एडिनबराच्या. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

पण रडता रडता कुचेबरोबर टाकत असलेलं माझं पाऊल चुकलं. तुम्हाला ती जागा आठवत असेलच. मधल्या संथ भागानंतर जिथे दीड पाऊल गायब होतं, कूच जरा ठेचकाळते आणि सावरते, तिथे आपले बँडवाले एक बारीकशी उडी घ्यायचे. मागोमाग वऱ्हाडी उडी घ्यायचे. माझ्या लग्नात घोड्यानेही घेतली होती. 'मास्तरांनी काय जागा काढलीय!' असं लोक म्हणायचे. (तुमचा त्या जागेचा अनुभव वेगळा आहे, हे मी विसरलेलो नाही. बाराव्या वर्षी तुमच्या हातात झांज होती आणि त्या जागी ती दर वेळी दीड पाऊल उशिरा पडायची. तेरा दिवस आजोबांनी सोसलं. चौदाव्या दिवशी शाळेच्या पटांगणात सगळ्यांदेखत म्हणाले, "रघू, झांज खाली ठेव. ताल तुझ्या रक्तातच नाही." तेव्हापासून तुम्ही आरतीलासुद्धा टाळी वाजवत नाही, नुसते हात जोडून उभे राहता, आणि आम्ही सगळे दर गणपतीत त्यावरून हसून घेतो. असो.)

लॉरिमरांच्या सीडीत ती जागाच नव्हती. कूच सरळ चालत गेली. मी संतापलो. ध्वनिमुद्रण साफ करताना कुणीतरी शहाण्याने दीड पाऊल जास्तीचं चिकटवलेलं, दुसरं काय! मी सहा पानी पत्र धाडलं. सत्तर वर्षं ही कूच माझ्या कानात आहे, माझे आजोबा ती याच तबकडीवरून शिकले, तेव्हा घुसडलेला तुकडा ताबडतोब कापा आणि पुस्तिकेत 'डॉ. शशिधर खांबेटे यांच्या सल्ल्याने मूळ रूपात' असं छापा. लॉरिमरांचं उत्तर आलं, की तुमच्यापुढे आम्ही कोण, सारा कापेल. (सारा ही त्यांची ध्वनितंत्रज्ञ. वय तिशीच्या आत, केस हिरवे.) पुरावा हाताशी असावा म्हणून मी तुमच्याकडे तबकडी मागितली. तुम्ही ती एका शब्दाने न विचारता दिलीत, याचे आभार मानायचे राहिलेच आहेत.

नंदू चार तारखेला, शुक्रवारी आला. शनिवारी दुपारी मी हातमोजे घालून तबकडी लावली. सुलक्षणा शेजारी इस्त्री करत होती. कूच सुरू झाली, संथ भाग संपला, ती जागा आली, मी उभ्या उभ्या उडी घेतली आणि विजयाने तिच्याकडे पाहिलं. ती इस्त्री हातात धरून म्हणाली, "अहो, सुई उडाली."

मी म्हटलं, काहीतरीच. पुन्हा लावली. पुन्हा त्याच ठिकाणी. तिसऱ्यांदा भिंग घेऊन नाक तबकडीला टेकवलं, तेव्हा दिसलं. तिथे एक बारीक खळगा आहे. सुई त्यात अडखळते आणि एक वळण ओलांडून पुढच्या खाचेत जाऊन पडते. एका वळणात बसतं तेवढंच, दीड पाऊल. दादा, अडतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात मी काटे आणि सुया बघण्याचा पगार घेतला, आणि ही सुई इस्त्री करणाऱ्या बाईला दिसली. आपल्या तालुक्याने तीस वर्षं ओरखड्यावर वराती काढल्या. घोडाही ओरखड्यावर उडाला!

आणि तो ओरखडा आता पाचशे प्रतींत माझ्या नावानिशी छापला जाणार होता. मास्टर, म्हणजे जिच्यावरून सगळ्या प्रती निघतात ती मूळ प्रत, सोमवारी सकाळी दहा वाजता कारखान्याला जाणार. लॉरिमरांना फोन केला तर यंत्र बोललं. शनिवार-रविवार ते कॅरॅव्हॅनमध्ये मासे धरतात आणि ईमेल गुरुवारी उघडतात. साराचा नंबर माझ्याकडे नाही. जगात ही सीडी विकत घेणारी शंभर माणसं असतील, पण ती शंभरही माझ्यासारखीच आहेत, हो! चुका मोजणारी. त्यांच्या हाती मी पडलो असतो तर माझं काय केलं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी इतरांचं तेच करत आलो.

म्हणून रविवारी सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉस गाठलं आणि एडिनबराच्या गाडीत बसलो. तबकडी बरोबर, पुरावा म्हणून. शेलॅक, म्हणजे तबकडीची लाख, पापडासारखी मोडते, म्हणून ती सुलक्षणाच्या जुन्या शालीत गुंडाळून चौकोनी खोक्यात, खोकं मांडीवर. न्यूकॅसलला उतरवलं, पुढे रुळांचं काम चालू, बदली बस. बसवाला म्हणतो खोकं खाली डिकीत टाका. मी म्हटलं, मग मलाही डिकीत टाका. शेजारी एक आजीबाई येऊन बसल्या, खोक्याकडे पाहून म्हणाल्या, "इज दॅट अ पिझ्झा, पेट?" (तिकडे 'पेट' म्हणजे बाळा.) मी म्हटलं, "नो मॅडम, प्रशियन इन्फंट्री." त्यानंतर त्या एडिनबरापर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. दर खड्ड्याला मी खोकं वर उचलत होतो आणि त्या तेवढ्याच पलीकडे सरकत होत्या.

सोमवारी नऊला मी लॉरिमरांच्या दारात उभा. त्यांना वाटलं मी अभिनंदन करायला आलो. मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. म्हटलं, चूक माझी, खर्च माझा, पण तो कापलेला तुकडा परत जोडा. लॉरिमरांनी मास्टर न्यायला आलेल्या साराकडे पाहिलं. सारा लाल झाली. तिच्या हिरव्या केसांखाली ते फारच उठून दिसलं. ती म्हणाली, "आय नेव्हर कट इट. आय'म सो सॉरी, डॉक्टर."

तिने कापलंच नव्हतं! तिने म्हणे माझं पत्र वाचलं, मग ती कूच लावून त्यांच्या बोळातून दोन्ही प्रकारे चालून पाहिली. कापून चाललं की डावा पाय दोनदा पडायचा. "सैन्य असं चालूच शकत नाही," ती म्हणाली, "पण तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलं होतंत, की मला सांगायची भीती वाटली." मी तिला मिठी मारली. (सुलक्षणाला सांगून झालं आहे.) मग तिने मला चालून दाखवायला सांगितलं. त्या अरुंद बोळात आम्ही तिघं एकामागे एक, पुढे सारा, मध्ये लॉरिमर, मागे मी, सरळ कुचेवर चाललो, आणि त्या जागी माझ्या नव्या गुडघ्याने आपणहून उडी मारली. समोर पोस्टमन पत्रं घेऊन उभा होता. मग चहा, आणि मुठीएवढे दोन स्कोन खाल्ले. गेल्या छत्तीस तासांतलं माझं ते पहिलं खाणं. परतीच्या गाडीत इतका गाढ झोपलो की समोरच्या माणसाने माझी नाडी पाहिली. सुटलो, दादा. अगदी सुटलो.

बाकी इकडे सगळे ठीक. वहिनींना लोणच्याबद्दल पुन्हा धन्यवाद. नंदू परवा निघतो आहे, हे पत्र त्याच्याच हाती देतो, म्हणजे उघडून वाचणार नाही एवढी खात्री आहे.

तुमचा
शशिधर

ता. क. तबकडी मात्र नंदूबरोबर पाठवत नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीशेजारी ती पुन्हा बसवायला मन धजत नाही. गणपतीत मी स्वतः घेऊन येतो.

ता. क. २. एवढी पानं लिहिली आणि ज्यासाठी कागद घेतला ते राहिलंच. तो खळगा साराने मोठा करून पडद्यावर दाखवला. म्हणाली, सुईने असं होत नाही, वरून काहीतरी टोकदार गरगर फिरत टेकलं आहे. दादा, ज्या दिवशी फोनो घरी आला त्या दुपारी सगळे जेवून पडले होते. मी पाच-सहा वर्षांचा. मी चावी दिली, तबकडी फिरती केली आणि तिच्यावर भोवरा सोडला. उलटा फिरतो का ते मला बघायचं होतं. नाही फिरला. भोवरा तुमचा होता, तोही न विचारता घेतलेला. आजोबांनी ती तबकडी पहिल्यांदा ऐकली ती संध्याकाळी, आणि त्यांचा मोतीबिंदू तेव्हा पिकत आला होता. म्हणजे मूळ कूच आपल्या घरात कुणी कधी ऐकलीच नाही. मी हे इतकं विसरलो होतो, की एडिनबराच्या त्या खोलीतच आठवलं.

तुमची झांज उशिरा पडत नव्हती. मी मोजलं. साराने मोजलं. ती बरोबर जिथे पडायला हवी तिथेच पडत होती, बाकी सगळा बँड माझ्या भोवऱ्यावर उडत होता. न ऐकलेलं दीड पाऊल तुम्ही बाराव्या वर्षी मनातल्या मनात मोजत होतात. ताल घरात एकट्या तुमच्या रक्तात होता, दादा, आणि मी अडुसष्ट वर्षं हसणाऱ्यांत सगळ्यात पुढे होतो. मला क्षमा करा. येत्या आरतीला टाळी वाजवा. मी शेजारी उभा राहीन आणि तुमची बघून वाजवीन.

ता. क. ३. पुस्तिका अजून छापायला जायची आहे, तिच्यातून माझं नाव काढायला सांगितलं आहे. त्या जागी पुढची ओळ इंग्रजीत छापायची, त्याला तुमची परवानगी हवी, पुढच्या बुधवारपर्यंत, तेवीस तारखेपर्यंत, नंदूच्या फोनवरून कळवा: 'या कुचेतले पूर्ण माप १९५७ साली प्रथम ओळखणारे झांजवादक श्री. रघुवीर खांबेटे, सांगली, यांचे आभार.' मी तीनदा तपासली आहे, चूक सापडली नाही. तरी तुम्ही एकदा मोजून पाहा.